गळा उघडा ठेवण्याची किंमत

आमच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी विज्ञानगप्पा होतात. गेल्या खेपेला वर्महोलचा, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागांना जोडणाऱ्या बोगद्याचा, विषय निघाला आणि तासाभरात गप्पांचं भांडण झालं. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा म्हणाला, "वर्महोल तयार झालाय, २०२२ मध्येच. गूगलच्या क्वांटम कॉम्प्युटरवर." पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी त्याला तिथेच अडवलं. "जे कुणी पाहिलं नाही आणि कधी बांधता येणार नाही, त्याच्यावर आयुष्यं घालवायची, याला विज्ञान नाही म्हणत, बाळा. लोकांच्या पैशांवर चाललेलं स्वप्नरंजन आहे हे." मागच्या रांगेतून कुणीतरी राजा ककुद्मी आणि रेवतीची गोष्ट काढली. ब्रह्मलोकात घटकाभर थांबून बापलेक परत आले, तोवर पृथ्वीवर युगं उलटली होती. म्हणजे हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच ठाऊक होतं.

घरी येईपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हतं. तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, तरी तिघं भांडत होते ते एकाच प्रश्नावर. रस्ता आहे की नाही? एक म्हणतो झालाय, दुसरा म्हणतो होणं शक्य नाही, तिसरा म्हणतो केव्हाच होऊन गेलाय. गेली कित्येक वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना मी हा वाद याच वळणावर अडलेला पाहते आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न धरून बसलो तर आपण सगळेच हरतो. वर्महोलचा अभ्यास हा रस्ता बांधायचा प्रकल्प कधीच नव्हता. ती गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची उलटतपासणी आहे. तुझ्या चौकटीत असा रस्ता बसतो का, बसत असेल तर त्याची किंमत काय, आणि ती किंमत निसर्ग कुणाला मोजू देतो का, हे त्या नियमाला विचारायचं आणि उत्तर पदरात पडेपर्यंत सोडायचं नाही. गेल्या चाळीस वर्षांत या उलटतपासणीतून जे हाती आलं ते मोलाचं आहे. आणि रस्त्याच्या वादात नेमकं तेच कुणाच्या कानावर पडत नाही.

थोडं मागे जाऊन पाहा. आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये पुरा केला. कार्ल श्वार्झशिल्डने त्या समीकरणांचं पहिलं नेमकं उत्तर काढलं आणि १९१६ मध्ये व्हिएन्नाच्या लुडविग फ्लामने त्या उत्तराची भूमिती रेखाटली, तेव्हा कमरेत निमुळता होत जाणारा आकार पहिल्यांदा कागदावर आला. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी दोन अवकाशांना जोडणारा 'पूल' मांडला तो कुणाला पलीकडे न्यायला नव्हे. त्यांना मूलकणांचं कोडं सोडवायचं होतं. जिथे समीकरणं अनंताकडे धावतात असा बिंदू नको होता, म्हणून त्या जागी त्यांनी पूल घातला. जॉन व्हीलर आणि चार्ल्स मिस्नर यांनी १९५७ मध्ये 'वर्महोल' हे नाव दिलं, तेव्हाही विद्युतभार म्हणजे वर्महोलच्या गळ्यात, त्याच्या निमुळत्या भागात, अडकलेल्या क्षेत्ररेषाच तर नसतील ना, हा त्यांचा प्रश्न होता. मग १९६२ मध्ये रॉबर्ट फुलर आणि व्हीलर यांनी दाखवून दिलं की श्वार्झशिल्डचा पूल इतक्या झपाट्याने आवळत जातो की प्रकाशकिरणसुद्धा पलीकडे पोचायच्या आत तो तुटतो. पंचेचाळीसहून अधिक वर्षं हा विषय चालला आणि त्यात प्रवासी कुठेच नव्हता.

प्रवासी आला तो १९८५ मध्ये. कार्ल सेगन कादंबरी लिहीत होते. नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे नेणारी, विज्ञानाला मान्य होईल अशी काही वाट आहे का, असं त्यांनी आपले मित्र किप थॉर्न यांना विचारलं. थॉर्न यांनी प्रश्न उलटा केला. पदार्थ घेऊन भूमिती काढण्याऐवजी, माणूस सुखरूप पार होईल अशी भूमिती आधी लिहायची आणि मग समीकरणांना विचारायचं की असा गळा उघडा ठेवायला कसला पदार्थ लागेल. मायकेल मॉरिस या विद्यार्थ्याबरोबर लिहिलेला तो लेख १९८८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये आला. हे शिक्षकांचं नियतकालिक आहे, आणि सापेक्षता शिकवण्याचं एक साधन म्हणूनच लेखकांनी तो शीर्षकातच पुढे केला होता. वर्महोलच्या आजच्या सगळ्या चर्चेचं उगमस्थान वर्गात शिकवायचा एक धडा आहे, हे मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाचं वाटतं.

तो धडा मी वर्गात असा दाखवते. पसरट ताटलीत साबणाचं पाणी घ्यायचं, त्यात थोडं ग्लिसरीन. हातातल्या एका मापाच्या दोन बांगड्या एकमेकींवर ठेवून त्यात बुडवायच्या आणि बाहेर काढून हळूहळू दूर न्यायच्या. मध्ये एक गोल पडदा अडकून राहतो, तो कोरड्या बोटाने फोडायचा. मग दोन्ही बांगड्यांना जोडणारा, कमरेत बारीक असा डमरू हवेत उभा राहतो. होमर एलिस आणि किरिल ब्रोनिकोव्ह यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे जो सगळ्यात साधा वर्महोल मांडला, त्याच्या अवकाशाचा मधोमध छेद घेऊन चित्र काढलं तर येणारा पृष्ठभाग गणिताने हाच, तसूभरही वेगळा नाही. आता त्या डमरूवर शेजारी शेजारी दोन मुंग्या वरच्या बांगडीपासून खाली निघाल्या असं समजा. दोघी नाकासमोर चालतात, तरी कमरेपर्यंत त्या एकमेकींच्या जवळ येत जातात आणि कमर ओलांडली की पुन्हा लांब होतात. मुंग्यांच्या जागी प्रकाशकिरण ठेवा. जवळ येऊ लागलेले किरण पुन्हा फाकले पाहिजेत. पार जाता येईल अशा वर्महोलची सगळी मेख या एका वाक्यात आहे.

गुरुत्वाकर्षण तर नेमकं उलटं वागतं. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केलं. ऊर्जा धन असेल, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या दगड, पाणी, प्रकाश, तारे यांच्यासारखी असेल, तर एकदा जवळ येऊ लागलेल्या वाटा आणखी जवळच येत राहतात, हे त्या समीकरणातून निघतं. पेनरोज आणि हॉकिंग यांची पुढची प्रमेयं याच पायावर उभी आहेत. किरण फाकवायचे तर गळ्यात असं काहीतरी हवं, ज्याच्यातून प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्याला शून्याहून कमी ऊर्जा आढळेल. कागद दुमडून त्यातून पेन्सिल आरपार घालायची आणि 'हा झाला वर्महोल' म्हणायचं, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. भोक उघडं ठेवणारी वस्तू त्या चित्रात हजर असते, ती म्हणजे पेन्सिल, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सगळं भौतिकशास्त्र त्या पेन्सिलीत आहे.

आणि किंमत काय? गळ्याची त्रिज्या एक मीटर धरली तर लागणारी ऋण ऊर्जा वस्तुमानाच्या हिशोबात गुरू ग्रहाच्या जवळपास जाते, फक्त चिन्ह उणे. ऋण ऊर्जा ही निव्वळ कल्पना आहे असंही म्हणता येत नाही. हेंड्रिक कासिमिर यांनी १९४८ मध्ये सांगितलं की निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत ऊर्जा शून्याच्या खाली जाते आणि पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये ती ओढ चांगल्या अचूकतेने मोजलीसुद्धा. पण पट्ट्यांमधलं अंतर मीटरचा दहा लाखावा भाग असताना तो दाब पास्कलच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरतो. आपल्या अंगावर हवेचाच दाब लाखभर पास्कल असतो. शिवाय त्या पट्ट्यांचं स्वतःचं वस्तुमान धन असतं आणि त्याच्यापुढे ती ऋण ऊर्जा कुठल्या कुठे विरून जाते.

आता विरोधकांचं म्हणणं घेते. आणि ते पूर्ण ताकदीनिशी घेते, कारण काकांचा आक्षेप हा अडाण्याचा आक्षेप नव्हे.

पहिली गोष्ट, पुरावा शून्य आहे. वर्महोलने दूरच्या प्रकाशाला दिलेला विशिष्ट बाक शोधायचा प्रयत्न झालाय. २०१३ मध्ये र्युइची ताकाहाशी आणि हिदेकी असादा यांनी क्वेसारच्या, म्हणजे फार दूरच्या आणि अतितेजस्वी आकाशगंगाकेंद्रांच्या, मोठ्या सर्वेक्षणात तो शोधला. काही सापडलं नाही, म्हणून असे वर्महोल जास्तीत जास्त किती असू शकतील याची मर्यादा त्यांनी सांगितली. दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. आधी भूमिती लिहा आणि मग पदार्थ शोधा ही थॉर्न यांची युक्ती आळशी माणसाच्या हातात गेली तर काहीही 'उत्तर' म्हणून खपवता येतं. हवा तो आकार घ्यायचा, समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला जे पडेल त्याला 'विचित्र पदार्थ' असं नाव द्यायचं, की झाला शोधनिबंध. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत थोडा बदलायचा आणि त्यात पुन्हा एक वर्महोल बसवायचा, असे निबंध ढिगाने निघतात, आपल्या देशातही निघतात, आणि त्यातले पुष्कळसे वाचून नियमाबद्दल नवं काही कळत नाही. हे मी मान्य करते, आणि या क्षेत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते काकांच्याही आधी मान्य करायला हवं असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट गाजावाजाची. 'नेचर'मध्ये २०२२ च्या डिसेंबरात आलेला तो प्रयोग गूगलच्या सिकॅमोर प्रोसेसरवर झाला, नऊ क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरमधली माहितीची एककं) वापरून, दोन-दोन क्यूबिटना जोडणाऱ्या १६४ द्वारांच्या मंडलावर. त्यामागची कल्पना खोल आहे. सुबीर सचदेव आणि जिनवू ये यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या आणि अलेक्सी किताएव यांनी २०१५ मध्ये नव्या रूपात आणलेल्या प्रारूपात, प्रचंड संख्येने कण एकमेकांशी गुंतलेले असले की त्यांचं वागणं गुरुत्वाकर्षणाच्या भाषेतही लिहिता येतं, आणि एका टोकाची माहिती दुसऱ्या टोकाला जाण्याची क्रिया त्या भाषेत 'गळ्यातून पार होणं' ठरते. पण 'प्रचंड संख्येने' ही त्यातली अट आहे. नऊ क्यूबिटचा हिशोब कुठलाही लॅपटॉप करतो. मूळ प्रारूप यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंगने) इतकं छाटलं होतं की त्यात पाचच पदं उरली; उरलेल्या तुकड्यात गुरुत्वाकर्षणाची ओळख टिकते का, याच्यावरच २०२३ मध्ये ब्रायस कोब्रिन, थॉमस शूस्टर आणि नॉर्मन याओ यांनी सविस्तर शंका घेतल्या. बातम्यांत मात्र 'वर्महोल बनवला' असं आलं. त्या मुलाची यात काही चूक नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने सांगितलं. ज्यांना फरक ठाऊक होता आणि ज्यांनी तो ठळक अक्षरांत सांगितला नाही, चूक त्यांची आहे, आणि असली एक बातमी दहा वर्षांच्या शांत कामाची पत घालवते.

इतकं मान्य केल्यावर मग उरतं काय? पुष्कळ उरतं, पण ते दाखवताना आमच्या बाजूचे लोक जो दाखला नेहमी देतात तो मी देणार नाही. तो दाखला कृष्णविवरांचा. आइन्स्टाइनने १९३९ मध्ये निबंध लिहून सांगितलं की असल्या वस्तू निसर्गात असू शकत नाहीत. त्याच वर्षी ओपनहायमर आणि स्नायडर यांनी तारा कसा कोसळत जाईल ते दाखवलं. आणि आज आपल्याकडे कृष्णविवराची छायाचित्रं आहेत. तेव्हा उद्या वर्महोलही सापडेल! ऐकायला छान वाटतं, पण या तर्काचा पाया कच्चा आहे. कृष्णविवराला वेगळा पदार्थ लागत नाही, नेहमीचाच पदार्थ पुरेसा दाबला की झालं. वर्महोलला जे लागतं ते त्या प्रमाणात कुणी कधी पाहिलेलं नाही. एकावर हसलेले लोक चुकले म्हणून दुसऱ्यावर हसणारे चुकतीलच असं कसं म्हणता येईल?

खरा दाखला दुसरा आहे, आणि तो आपल्या घराजवळून सुरू होतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. त्यातल्या यंत्राध्यायात एका स्वयंवह चाकाचं वर्णन आहे. पोकळ, वाकड्या आऱ्या, त्यात अर्ध्यापर्यंत पारा. पारा एका बाजूला सरकत राहील आणि चाक आपोआप फिरत राहील. ते चाक फिरत नाही. नंतर युरोपात शेकडो वर्षं लोकांनी तशी चाकं बांधली आणि त्यातलंही एक फिरलं नाही. शेवटी १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाहीर केलं की अखंड गतीच्या यंत्रांचे आराखडे यापुढे तपासायलाही घेणार नाही. तो निर्णय योग्यच होता. पण त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, १५८६ मध्ये, सायमन स्टेव्हिनने त्याच अशक्य यंत्राचा वेगळा उपयोग केला होता. एका त्रिकोणी ठोकळ्यावरून त्याने सारख्या गोळ्यांची माळ सोडली, मनातल्या मनात. एका बाजूचा उतार लांब, तिथे जास्त गोळे. दुसरा आखूड आणि उभा, तिथे कमी. माळ घसरली तर घसरतच राहील, कारण प्रत्येक क्षणी चित्र पुन्हा तेच. अखंड गती अशक्य, म्हणजे माळ स्थिर. आणि ती स्थिर आहे एवढ्यावरून त्याने उतारावरच्या वजनांचा नेमका नियम काढला. सादी कार्नोने १८२४ मध्ये असंच केलं. कुठल्याही उष्णतायंत्राची क्षमता एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, कारण गेली तर अखंड गतीचं यंत्र हाती येईल. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम त्या 'नाही'तून उगवला. अशक्य यंत्राचा विचारच करायचा नाही असं स्टेव्हिनला आणि कार्नोला कुणी बजावलं असतं तर आज आपण कुठे असतो?

वर्महोल हे गुरुत्वाकर्षणाचं अखंड गतीचं यंत्र आहे असं धरून पाहा. मग हाती काय लागलं ते दिसू लागतं. थॉर्न, मॉरिस आणि उल्वी युर्तसेव्हर यांनी १९८८ मध्येच दाखवलं की पार जाता येणारा जवळचा रस्ता मिळाला तर त्याचं एक तोंड वेगाने फिरवून आणून भूतकाळात जाणारं यंत्र बनवता येईल. म्हणजे प्रश्न गंभीर झाला. आता ऋण ऊर्जेवर निसर्गाचा काही पहारा असलाच पाहिजे. लॅरी फोर्ड आणि थॉमस रोमन यांनी १९९० च्या दशकात तो पहारा शोधला. ऋण ऊर्जा कर्जासारखी मिळते. जितकी मोठी उचल तितकी लवकर परतफेड, तीही व्याजासकट. हा हिशोब १९९६ मध्ये वर्महोलला लावल्यावर दोनच वाटा उरल्या. एक तर गळा जवळपास १०⁻³⁵ मीटरच्या प्लांक लांबीहून फारसा मोठा नसेल, किंवा ऋण ऊर्जा गळ्याभोवती कल्पनेपलीकडच्या पातळ पट्ट्यात कोंबावी लागेल. मॅट व्हिसर, सायन कर आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले नरेश दधीच यांनी २००३ मध्ये उलट बाजू मांडली. भूमिती हुशारीने निवडली तर एकूण विचित्र पदार्थ हवा तितका कमी करता येतो, असं त्यांनी दाखवलं. त्यावर क्रिस्टोफर फ्यूस्टर आणि रोमन यांनी २००५ मध्ये तपासून सांगितलं की ते गळेही त्याच मर्यादांच्या कचाट्यात सापडतात. या देवघेवीत एकदाही कुणी 'रस्ता तयार आहे' असं म्हणालेलं नाही. नियमाची वीण कुठे घट्ट आहे आणि कुठे सैल, हे चाचपणं चाललंय.

आणि मग गेल्या दहा वर्षांत या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट घडली. पिंग गाओ, डॅनियल जॅफरिस आणि आरन वॉल यांनी अखेर पार जाता येणारा वर्महोल दाखवला, हाताने कोंबलेल्या विचित्र पदार्थाशिवाय, क्वांटम सिद्धांताच्या अधिकृत चौकटीत. त्यांनी किंमत मोजली ती वर्महोलची दोन्ही तोंडं बाहेरून थेट जोडून. पण बाहेरून जोडणी असेल तर निरोप बाहेरूनही जाऊ शकतो; गळ्यातून तो त्याच्याआधी पोचत नाही. हुआन माल्डासेना, अलेक्सी मिलेखिन आणि फेडर पोपोव्ह यांनी २०१८ मध्ये चार मितींत, ज्ञात प्रकारच्या भौतिकशास्त्राने, चुंबकीय भार असलेल्या दोन कृष्णविवरांना जोडणारा वर्महोल लिहून दाखवला, आणि तोही बाहेरच्या वाटेपेक्षा लांबचाच निघाला. तिकडे टॉम फॉकनर, रॉब ली, ओंकार पर्रीकर आणि हुआजिया वांग यांनी २०१६ मध्ये सपाट अवकाश-कालासाठी सिद्ध केलं की प्रकाशाच्या अख्ख्या वाटेवरची ऊर्जा एकत्र मोजली तर ती ऋण होत नाही. आणि ही सिद्धता त्यांनी क्वांटम गुंतवणीच्या, म्हणजे कण एकमेकांशी गुंतलेले असण्याच्या, गणितातून आणली. पुढच्याच वर्षी थॉमस हार्टमन आणि सहकाऱ्यांनी तीच गोष्ट कार्यकारणभावातून सिद्ध केली. वर्महोलच्या निमित्ताने निघालेला प्रश्न ऊर्जा, माहिती आणि कारण-परिणाम या तिघांना एका दोऱ्यात ओवून गेला. निसर्ग पलीकडे जाऊ देईल कदाचित, पण लवकर जाऊ देत नाही, असं एक चित्र हळूहळू उभं राहतंय. हे सर्वत्र लागू होणारं प्रमेय झालेलं नाही. तरी दोन शतकांनंतर कुणी कार्नोशेजारी ठेवील अशा तोडीची ही गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

ककुद्मीच्या गोष्टीबद्दल मला आदराने बोलायचंय, कारण ती गोष्ट मला लहानपणापासून आवडते. माल्डासेना आणि मिलेखिन यांनी २०२० मध्ये जादा मिती गृहीत धरून असा वर्महोल मांडला, ज्यातून माणूस आकाशगंगेच्या दूरच्या भागात जाईल. त्याच्या स्वतःच्या घड्याळात सेकंदही होणार नाही आणि बाहेर दहा-दहा हजार वर्षं लोटतील. रेवतीची आठवण कुणालाही येईल. पण साम्य शेवटात आहे, वाटेत नाही. ज्याने ती कथा रचली त्याला काळाची भीती आणि परतून आल्यावरचं परकेपण सांगायचं होतं, आणि ते त्याने अजरामर करून ठेवलं. बाहेर नेमकी किती वर्षं लोटतील, गळा किती रुंद ठेवला तर ती कमी होतील, हे प्रश्न कथेला विचारणं म्हणजे कथेवरही अन्याय आहे. समीकरणाला ते विचारता येतात, आणि ते चुकलं तर चुकलं असं सिद्धही करता येतं.

पैशाचा मुद्दा मी थोडक्यात घेते, कारण तो मोठा नाही. हे काम करायला कागद, फळा आणि थोडा संगणक लागतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे, तिला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले, पण ते गुरुत्वीय लहरी मोजण्यासाठी. वर्महोलचा संबंध तिथे वेगळ्या दाराने येतो, आणि 'कुणी पाहिलं नाही' या आक्षेपाचं माझ्या मते सगळ्यात ठोस उत्तर तिथे आहे. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये हिशोब केला की कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखं कसं घुमेल आणि किती लवकर शांत होईल. तेव्हा कृष्णविवर कुणी पाहिलेलं नव्हतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही केंद्रांत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी एक थरथर नोंदली गेली आणि तिच्या शेवटी तशी घुमणी होती. सगळ्यांनी म्हटलं, कृष्णविवर. कशावरून? व्हितोर कार्दोसो, एडगार्डो फ्रांझिन आणि पाओलो पानी यांनी २०१६ मध्ये दाखवलं की तिथे कृष्णविवराऐवजी वर्महोल असता तरी पहिली घुमणी जवळजवळ तशीच आली असती. फरक नंतर पडला असता, दुसऱ्या बाजूने परतणाऱ्या क्षीण पडसादांमध्ये. असा पडसाद आजवर निर्विवादपणे सापडलेला नाही. पण तो शोधायचा असतो हे आपल्याला कळलं, कारण कुणीतरी वर्महोलचं गणित आधी करून ठेवलं होतं. कृष्णविवर हे कृष्णविवरच आहे असं ठामपणे म्हणायचं तर ते नसताना काय दिसलं असतं, हे नको का माहीत असायला?

काकांना मी पुढच्या शनिवारी हेच विचारलं, त्यांच्याच भाषेत. धरणाचा सांडवा आखताना तुम्ही कुठला पूर धरायचात? ते म्हणाले, "संभाव्य महत्तम पूर." तो पूर त्या नदीला कधी आला होता का? "नाही. येऊही नये. पण त्याच्यावर हिशोब केला नाही तर भिंत कुठे कमी पडेल ते कळत नाही." मग ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांचं मत बदललं असा माझा दावा नाही. विद्यार्थ्यांनी स्वस्तातले निबंध पाडण्यात उमेदीची वर्षं घालवू नयेत, हे त्यांनी पुन्हा बजावलं आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे. माझी मागणी एवढीच की वर्महोलबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने, मग तो संशोधक असो की बातमीदार, गळा कशाने उघडा राहतो आणि तो पदार्थ निसर्ग देतो की नाही हे पहिल्या परिच्छेदात सांगावं. तेवढं सांगितलं तर त्या मुलाला 'बनवला' म्हणावं लागणार नाही आणि काकांना चिडावं लागणार नाही.

त्या संध्याकाळी मी ताटली आणि बांगड्या घेऊन गेले होते. सहा सेंटीमीटर व्यासाच्या बांगड्या, साबणाचं पाणी वाचनालयाच्या मोरीवरच कालवलं. मुलाने मधला पडदा फोडला आणि डमरू उभा राहिला. काकांनी खिशातून पट्टी काढली आणि त्याला म्हणाले, "सावकाश ने लांब." चार सेंटीमीटरला पोचायच्या जरा अलीकडेच कमर थरथरली, आवळली, आणि दोन्ही बांगड्यांवर दोन सपाट, वेगळे पडदे उरले. काकांनी आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहिला. मग चष्मा वर करून विचारलं, "आणि हा न फुटता पाच सेंटीमीटरपर्यंत न्यायचा, तर आतून काय लावावं लागेल?"